भिंतीवरचा हात

भिंतीवर दाराएवढा हात थरथरत होता आणि दहावी ब फिदीफिदी हसत होती.

हात सुमित्रा मोकल मॅडमचा. टेबलावर बगळ्यासारखी मान वाकवून उभा असलेला नवा डॉक्युमेंट कॅमेरा कागद, कंपास, मॅडमची नखंसुद्धा भिंतीवर मोठी करून दाखवत होता. काढायला गेल्या वर्तुळ, निघाला भोपळा!

"मॅडम व्हायब्रेशन मोडवर हायत!" मागून शिवतेज ओरडला.

फळ्यावर हे कधी कुणाला कळलंच नव्हतं. तिथे मोठा लाकडी कंपास खांद्याच्या जोरावर फिरवला की काम फत्ते. डॉक्टर म्हणाले होते, हा कंप आता राहणार. मॅडमनी ते घरी सांगितलं, शाळेत नाही. स्टाफरूममध्ये चहासुद्धा त्या सगळे गेल्यावर प्यायच्या. आणि आता हा बगळा! सगळं चव्हाट्यावर.

तास संपताच पर्यवेक्षक घाडगे सरांनी त्यांना गाठलं. "मॅडम, रेडी व्हिडिओ आहेत ना आपल्याकडे? लावायचा आणि शांत बसायचं. नाहीतर दहावी मनाली मॅडमना देतो, तुम्ही लायब्ररी सांभाळा. रिटायरमेंट जवळ आलीय, कशाला टेन्शन घेता?"

"पोरं अडली तर व्हिडिओ थांबतो का, सर?"

"बरं. उद्या मी मागे बसतो. मग ठरवू."

दुसऱ्या दिवशी सर शेवटच्या बाकावर बसले. मॅडम तरातरा आल्या, कॅमेरा चालू केला आणि हात सरळ त्याच्याखाली ठेवला. कागद नाही, कंपास नाही. नुसता हात.

"शिवतेज, काल काय म्हणालास? मोठ्यानं सांग."

"काय नाय मॅडम... सॉरी."

"सॉरी कशाला? जोक बरा होता. हा हात हलतो, हलतच राहणार. एकदाचा डोळे भरून बघून घ्या, म्हणजे वर्तुळाकडे लक्ष लागेल."

बाहेर कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्रे उतरवल्याचा दणका झाला, पण एकही मान खिडकीकडे वळली नाही.

मॅडमनी कंपासचं टोक कागदात रोवलं, मूठ टेबलाला टेकवली, कंपास जागच्या जागी धरला आणि डाव्या हाताने चक्क कागदच फिरवायला घेतला! भिंतीवर अख्खं पान गरागरा फिरू लागलं.

"आयला!" पहिल्या बाकावरच्या तेजश्रीच्या तोंडून निघालंच.

पण शेवटी शेवटी हात उडाला. वर्तुळाची टोकं जुळली नाहीत. कागदावर केसाएवढी फट, भिंतीवर मात्र चांगली वीतभर.

घाडगे सर उठले. "बघितलं मी. उद्यापासून मनाली मॅडम येतील."

मॅडमचं तोंड एवढंसं झालं. क्षणभरच.

"उद्याचं उद्या, सर. आजची घंटा अजून व्हायचीय."

त्यांनी कोरा कागद घेतला. मग कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि दाबतच राहिल्या. भिंतीवरचा हात वाढला, आणखी वाढला, पार छताच्या पंख्यापर्यंत गेला. त्याची शीर न् शीर दिसायला लागली.

"मॅडम," कंपासपेटी उघडत शिवतेज म्हणाला, "कागद कुठल्या बाजूनं फिरवायचा?"

"कुठल्याही. टोक तेवढं दाबून धर."

सर दारात थबकले. वर्गभर कागद फिरत होते.