मग बाबांना कोण उचलणार?

रोज सकाळी चहाला उकळी येईपर्यंत बाबांना पैलवान पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायची. पैलवान म्हणजे या घरातली मुलगी. वजन उचलण्याच्या स्पर्धेत तिने देशाला सुवर्णपदक मिळवून दिलं होतं, आणि ते पदक बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात, वहिनीच्या कपबशांशेजारी ठेवलेलं होतं. अर्धांगवायूच्या झटक्यात बाबांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून त्यांना उचलायचं काम आपसूक तिच्याकडे आलं. ती वाकायची, बाबा डावा हात तिच्या गळ्यात टाकायचे, आणि दादा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचा, "हिला काय, फुलासारखं उचलते."

एके काळी याच खांद्यांवरून घरात रणं माजली होती. असल्या खांद्यांच्या मुलीला कोण करून घेणार, म्हणून आई डोळ्यांना पदर लावायची. खरंच कुणी करून घेतलं नाही. बाबा अंथरुणाला खिळल्यावर मात्र तेच खांदे घराच्या कामी आले, आणि तिच्या लग्नाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. हत्ती होऊन लाकडं ओढण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खावी, म्हणतात. या घरात मुंग्यांना तोटा नव्हता.

त्या दिवशी ती बाजारातून परतत होती. मागून भाजीवालीने हाक मारली, "ताई, चप्पल राहिली की तुमची." डावी चप्पल केव्हाच सुटून मागे पडली होती आणि ती खडीवरून अनवाणी पायाने कोपऱ्यापर्यंत आली होती. पायाला काही कळलंच नव्हतं. भाजीवाली हसली, तीही हसली. मग एका पायरीवर बसून तिने अंगठ्याला करकचून चिमटा काढला. अंगठा दुसऱ्या कुणाचा असावा तसा गप्प राहिला.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. कण्यातली चकती सरकून शीर दाबली गेली आहे, शस्त्रक्रिया करू, पण यापुढे ओझं उचललंत तर पाय गेला म्हणून समजा. घरी उचलायला दुसरं कुणी नाही का, असं त्यांनी विचारलं. "आहे ना, भाऊ आहे," असं ती म्हणाली आणि स्वतःच्याच उत्तराचं तिला नवल वाटलं.

संध्याकाळी जेवताना तिने हे सगळं घरात सांगितलं. दादाचा घास हातातच राहिला.

"मग बाबांना कोण उचलणार?"

पायाचं कुणीच विचारलं नाही. पगारी माणूस ठेवू म्हटलं, तर आईला परक्याचा हात नको होता. दादाची कंबर नाजूक होती, म्हणजे तो तसं सांगायचा. निदान शस्त्रक्रियेपर्यंत तरी, असं म्हणून वहिनीने वाक्य अर्धवट सोडलं आणि ताटं गोळा केली. पैलवानाला राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काहीच आलं नाही. पायासारखंच आतही काहीतरी फार पूर्वी बधिर झालं होतं, चप्पल सुटल्याचं आज दिसलं इतकंच.

सकाळी ती पलंगाशी गेली. बाबांनी सवयीने डावा हात वर केला. ती वाकली नाही.

"दादा, इकडे ये. गुडघ्यात वाक, कमरेत नको. बाबांना छातीशी धर."

"मला नाही जमायचं."

"मलाही जमत नव्हतं. शिकले."

आई दारात आली. बापाला असं ताटकळत ठेवतेस, जगाला काय तोंड दाखवशील, म्हणाली. पैलवान जागची हलली नाही. तिकडे चहा उतू गेला. बाबांचा हात अजून वरच होता. त्यांनी लेकीच्या पायांकडे पाहिलं, आणि तो हात तिच्याकडून काढून मुलाकडे वळवला.

"तू... ये," ते जड जिभेने म्हणाले.

दादा आला. कसाबसा, धापा टाकत, पण त्याने बाबांना खुर्चीत बसवलं. कंबर काही मोडली नाही.

पैलवानाला आनंदही झाला नाही. दोन्ही चपला पायात आहेत ना, हे डोळ्यांनी पाहून ती व्यायामशाळेत गेली. तिथे शिकायला येणाऱ्या मुलींना तिने त्या दिवशी वजन उचलायला शिकवलंच नाही. पेलत नसलेलं वजन अंगावर न घेता खाली कसं टाकायचं, तेवढंच शिकवलं. टाकलं तर लोक हसतील ना, असं एकीने विचारलं. "हसू देत," ती म्हणाली.

वाचकहो, तुमच्याही घरात अशी एखादी पैलवान असेल. तिच्या पायात चप्पल आहे का, तेवढं एकदा बघून या.