करकरणारा कोन

मित्रांनो, माझं वय झालं हे माझ्याआधी माझ्या सांध्यानेच जाहीर केलं. मी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढणारं जुनं अँजिओग्राफीचं यंत्र आहे. इथे सगळे मला म्हातारा म्हणतात. टेबलावर माणूस झोपतो, मनगटातून बारीक नळी आत जाते आणि माझा वाकडा हात त्याच्याभोवती फिरत सहा बाजूंनी पाहतो. एका बाजूने धडधाकट दिसणारी वाहिनी दुसऱ्या बाजूने चिंचोळी निघू शकते, म्हणून सहा.

नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवायचे. पुढे शेजारच्या खोलीत नवं यंत्र आलं आणि मला संशोधनाला जुंपलं. कोणाला वाहिनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, लागतो आणि कोणाचं गोळ्यांवर भागतं, हे फोटोंवरून ठरवण्याचा तो अभ्यास होता. त्याच सुमारास डावीकडून, खालच्या बाजूने पाहताना माझा सांधा करकरू लागला. मला चालवणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे 'दमानं' म्हणत, कारण येता-जाता तो तेवढंच बोलायचा. त्याचा माझ्यावर भारी जीव. "म्हाताऱ्याला कशाला छळायचं?" म्हणत त्याने तो कोन सोडायला सुरुवात केली. बाकीच्या पाचांत सहसा सगळं दिसतंच, म्हणून डॉक्टर मॅडमही काही बोलल्या नाहीत. हळूहळू ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. मला मात्र चैन पडेना.

एके दिवशी पोहायला शिकवणाऱ्या एक बाई आल्या. पाचही फोटो स्वच्छ आले.

"छान आहे सगळं. गोळ्या देऊ," मॅडम म्हणाल्या.

"मग जिना चढताना माझ्या छातीवर कोण बसतं?" बाईंनी झोपल्या झोपल्या विचारलं. "नवरा म्हणतो, मनाचे खेळ आहेत. तुम्हीही तेच म्हणा, म्हणजे मी सुटले."

मॅडमनी पाचही फोटो पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, "तो राहिलेला कोन घ्या."

"मॅडम, म्हातारा मध्येच अडकला तर?" दमानं म्हणाला.

"अडकू दे."

मी जीव खाऊन फिरलो. अशी करकर केली की बाईंनी डोळे घट्ट मिटले. मुख्य वाहिनीला फाटा फुटतो ती जागा पडद्यावर पहिल्यांदाच उघडी दिसली आणि तिथेच वाहिनी दोऱ्याएवढी उरली होती. त्याच टेबलावर स्टेंट बसला. "म्हणजे मनाचे खेळ नव्हते," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं.

मला आनंद झाला, पण तो टिकला नाही. दमानं भिंतीला टेकून उभा होता. "आधीच्यांचं काय?" एवढंच तो म्हणाला.

माझा सांधा दुरुस्त झाला. चहाआधी उरकलं, इतकंच ते काम होतं. मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया जरूर करा, पण ती करकरू लागली की तिला विश्रांती देऊ नका. उघडून पाहा, तेल घाला आणि तिच्याकडून पुरतं काम घ्या.

आता मॅडम आणि दमानं आधीच्या माणसांना फोन करून परत बोलावताहेत. मी सहाही बाजूंनी फिरतो. बहुतेकांचं ठीक निघतंय. एक नंबर मात्र दमानं रोज लावतो. तिकडे घंटा वाजत राहते आणि अजून कुणी फोन उचललेला नाही.