काचेपलीकडचा मख्खराव

माझी बायको सकाळी सात ते दहा रेडिओवर बोलते आणि मी दातांचा डॉक्टर. आमच्या घरात दोघांचंही पोट तोंडावर चालतं. तिचं स्वतःच्या, माझं दुसऱ्याच्या. दवाखान्यात तिचाच कार्यक्रम लावलेला असतो. ऐकता ऐकता पेशंट हसतात, तोंड आपोआप उघडतं, माझं काम सोपं होतं.

गेल्या वर्षी तिच्या रेडिओ स्टेशनात नवे साहेब आले. फार उत्साही. येताना गाणी आपोआप लावणारा कॉम्प्युटर घेऊन आले. त्यामुळे काचेपलीकडे बसून गाणी लावणाऱ्या ऑपरेटरची रवानगी खालच्या मजल्यावर, जाहिरातींच्या खोलीत झाली. हा गृहस्थ अकरा वर्षं तिच्यासमोर बसला होता. चेहरा इतका कोरा, की बायको त्याला तोंडावर मख्खराव म्हणायची. त्यावरही तो हसायचा नाही.

महिनाभरातच कार्यक्रम मिळमिळीत झाला. एक पेशंट चूळ भरता भरता म्हणाला, "डॉक्टर, वहिनींचा आवाज बसलाय का हो?"

"बसला नाहीये, उभाच आहे. पण कंटाळून," मी म्हणालो.

माझी आई तर मागचापुढचा विचार करतच नाही. "सूनबाई, आज बसचं वेळापत्रक वाचत होतीस का गं?"

साहेबांनी उपाय सुरू केले. आधी पिवळा दिवा आणला, मग काचेवर 'हसरा आवाज, हसरे श्रोते' अशी पाटी चिकटवली. शेवटी गोल फिरणारी, पाठीला आधार देणारी भारी खुर्ची आली.

"सगळं आहे रे," बायको जेवताना म्हणाली, "पण विनोद केला की तो काचेवर आपटून माझ्याच अंगावर येतो."

आणि एका मंगळवारी तो कॉम्प्युटर हटून बसला. मी एका मावशींची दाढ भरत होतो. रेडिओ एकदम गप्प. मग बायकोचा आवाज आला.

"मंडळी, आमचा कॉम्प्युटर रुसलाय. त्याची समजूत काढायला खालून एक गृहस्थ आलेत. ते टेबलाखाली शिरलेत, मला फक्त त्यांचे मोजे दिसताहेत. एक निळा, एक काळा."

मावशींचे खांदे हलायला लागले.

"आता डोकं बाहेर आलंय. चेहरा तोच, चुकीच्या बसमध्ये बसलेल्या माणसाचा. आणि बस लांब पल्ल्याची आहे."

सतरा मिनिटं एकही गाणं लागलं नाही आणि कुणाला हवंही नव्हतं. मावशी इतक्या हसल्या की माझं बोट चावलं.

घरी आल्या आल्या बायको म्हणाली, "मला कळलं. अकरा वर्षं मी त्या एका माणसाला हसवायलाच बोलत होते. तो हसत नाही, म्हणून तर पुढचा विनोद सुचतो."

"आणि मी?" बोटावरची पट्टी दाखवत मी विचारलं.

"तू मी तोंड उघडायच्या आधीच हसतोस. तुझ्यासाठी कोण कष्ट घेणार?"

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना गाठलं. मख्खरावला वर बोलवा म्हणाली.

"पण मॅडम, तिथे त्याला काम काय?"

"बसायचं."

"असं मी वरिष्ठांना कसं कळवू?"

"'काचेची देखरेख' म्हणून कळवा."

साहेबांनी खरंच तसं कळवलं. मख्खराव जुन्या जागी परतला, पाटी निघाली, कार्यक्रम रंगू लागला. साहेबांची मात्र ठाम समजूत, की खुर्चीचा गुण उशिरा आला. त्यांनी तशाच सहा खुर्च्या मागवल्यात. बायकोनेही आपली खुर्ची परत केली नाही. खुर्ची तशी आरामशीर आहे.

परवा तिने मख्खरावला विचारलं, "खाली बरं होतं का?"

"शांत होतं," तो म्हणाला.

"मग वर यायला हो कसं म्हणालात?"

वायर गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "खाली तुमचा कार्यक्रम ऐकू येत नव्हता."

हे मला सांगून ती चांगली पाच मिनिटं गप्प बसली. आई स्वयंपाकघरातून धावत आली, हिला बरं नाहीये का ते बघायला.