गच्चीवरचा वाघ

वाघाची विष्ठा उन्हात कडकडीत वाळवावी लागते. ओल राहिली की बुरशी धरते. हे मी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी रावसाहेब यांना समोर बसून सांगितलं होतं, त्यांच्याच घरचा चहा पीत. "वाघाची? अरे वा!" ते हसले होते. "घ्या की गच्चीचा एक कोपरा, मॅडम. गच्ची काय माझ्या बापाची आहे?" त्या हसण्याचा मला आजही राग येतो. तेव्हाच नाही म्हणाले असते तर मी दुसरी गच्ची शोधली असती.

कोकणच्या दक्षिण टोकाला, घाटाच्या कुशीत, तळकडीचं रान आहे. एसटीचा शेवटचा थांबा सोडून दिवसभर चाललं की ते सुरू होतं. १९९८च्या उन्हाळ्यात आमच्या छोट्या संस्थेने तिथल्या सस्तन प्राण्यांची पाहणी केली, कारण त्या डोंगरावर एका कंपनीला बॉक्साइटची खाण हवी होती. कंपनीच्या अहवालात ससे होते, माकडं होती, रानडुकरं होती. वाघ नव्हता. वाघ नाही म्हटल्यावर खाणीला कोण अडवणार?

आम्ही ते रान पालथं घातलं. गवे दिसले, सांबर दिसलं, वाघ दिसला नाही. तो दिसत नसतोच, आणि तिथल्या कातळावर त्याचे पंजेही उमटत नाहीत. पण वाघ मांजरासारखं स्वतःचं अंग चाटतो. ते केस पोटात जातात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. भिंगाखाली केसावरची नक्षी पाहिली की कुणाचा केस ते कळतं. म्हणून पायवाटांवरच्या विष्ठा आम्ही कागदी पुड्यांत बांधल्या, प्रत्येकीत जागेची चिठ्ठी घातली आणि बेलापूरला आणल्या. आमचं ऑफिस तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत, तिथे उन्हाचा पत्ता नाही. म्हणून आमच्या सोसायटीची गच्ची, आणि तिथे ट्रेमध्ये एकेक विष्ठा, शेजारी तिची चिठ्ठी.

एका दुपारी मी वर गेले तर गच्ची लखलखीत धुतलेली. फिनाईलचा वास येत होता. माझे ट्रे भिंतीला उपडे टेकवलेले. लेंगा गुडघ्यापर्यंत वर करून रावसाहेब पाण्याचा पाईप गुंडाळत होते.

"काय केलंत हे?"

"अहो, उद्या सोसायटीची सत्यनारायणाची पूजा आहे इथे. सकाळपासून लोकं टेन्शन देतायत मला. घाण होती ती मॅडम."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"तेव्हा पूजेची तारीख ठरली नव्हती." मग ते जवळ आले आणि आवाज खाली आणून, जणू माझ्या भल्याचं सांगावं तसं म्हणाले, "हे बघा, तुमच्यात चालत असेल असलं. आमच्यात नाही चालत."

तुमच्यात! मी प्राणीशास्त्रात एम.एस्सी. केलं, रानात गोचिड्या अंगावर घेऊन झोपले, आणि ह्या माणसाला माझ्या कामात फक्त माझी जात दिसली. तेवढ्यात त्यांच्या पत्नी तांब्या घेऊन वर आल्या. तांब्यात गोमूत्र होतं. सगळ्या गच्चीवर त्यांनी एकेक थेंब शिंपडला. माझ्या कोपऱ्यात मात्र दोनदा.

माझे आजोबा महाडला गेले होते. त्यांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर त्या तळ्यात शुद्धीसाठी काय ओतलं गेलं, ते आमच्या घरात पोराटोरांनाही माहीत आहे. मी इतकी ओरडले की खाली आवारात माणसं जमली. गाईचं ते पवित्र आणि वाघाचं ते घाण, हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं मी विचारलं. आणखीही बरंच बोलले. त्यातल्या एका शब्दाचाही मला पश्चात्ताप नाही.

मग माझं लक्ष मोरीच्या जाळीकडे गेलं. तिला भुरकट गुंतवळ अडकलं होतं. मी खाली बसले आणि चिमट्याने एकेक केस काढायला लागले. सुगत, माझा नवरा, ऑफिसातून आला तो थेट वर. खाली जाऊन तो चहाची गाळणी घेऊन आला आणि शेजारी बसला. चिठ्ठ्या पार वाहून गेल्या होत्या. केस तेवढे राहिले.

त्यात वाघाचे निघाले. दोन जाणकारांनी भिंगाखाली पाहून तेच सांगितलं.

खाणीची सुनावणी बेलापुरातल्याच एका सरकारी ऑफिसात होती. निघताना सुगत म्हणाला, "शर्मिला, रानातल्या कुठल्याही वाटेचं नाव सांग. खोटं थोडंच आहे ते?" पण कुठल्या वाटेवरची विष्ठा ते मला माहीत नव्हतं. जे माहीत नाही ते मी लिहीत नाही.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "केस कुठे मिळाला?"

"तळकडीहून आणलेल्या विष्ठेतला आहे, सर. पण ती विष्ठा धुतली गेली. केस मी आमच्या गच्चीच्या मोरीतून काढला."

कंपनीचा वकील उठला. "म्हणजे साहेब, वाघ बेलापूरलाच राहतो!"

सगळी खोली हसली. साहेबही हसले, रुमालाने डोळे पुसले. "मॅडम, जागेसकट पुरावा आणा. पावसाच्या आत. नाहीतर फाईल पुढे जाईल." एकदा पाऊस झाला की वाटांवर काही उरत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मी वहीत लिहून घेतलं, पावसाच्या आत.

संध्याकाळी रावसाहेब दारात आले. "ऐकलं मी. सॉरी हां मॅडम. पुढच्या वेळी जरा आधी सांगा."

"आत्ताच सांगते. मी उद्या रानात जातेय. आल्यावर तोच कोपरा लागेल."

"अहो पण लोकं काय..."

"लोकांना सांगा, कोपरा शुद्ध आहे. तुमच्या घरच्यांनी दोनदा केलाय."

मी दार लावलं आणि रिकाम्या डब्या पिशवीत भरायला घेतल्या. पाऊस केरळात पोचल्याचं सकाळीच रेडिओवर सांगितलं होतं, आणि तिथून तळकडीला यायला त्याला आठवडाही लागत नाही.