दाजींचे भुंगेरे

आमच्या घरात माणसांपेक्षा भुंगेऱ्यांचा मान मोठा. आमचे हे, प्राध्यापक गोरक्ष कातकाडे, नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि येताना काचेच्या झाकणाच्या पेट्या घेऊन आले. शेणकिडे, सोंडवाले, शिंगवाले, पाण्यातले, लाकूड पोखरणारे, सगळे टाचणीला टोचून कुळाप्रमाणे ओळीत बसवलेले. बाहेर नाशिकच्या द्वारका चौकात सकाळपासून हॉर्नचा कल्ला चाललेला असतो आणि आत हे भिंग लावून मेलेल्या भुंगेऱ्याच्या मिशीची पेरं मोजत बसतात. जिवंत किडा अभ्यासाला गैरसोयीचा, असं त्यांचं ठाम मत. तो हलतो.

भुंगेऱ्याचं कुळ ते पाय आणि पंख बघून डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगत. पण पूर्ण वाढलेल्याचंच. अळी म्हणजे त्यांच्या लेखी बालवाडी, आणि बालवाडी शिकवणं प्राध्यापकाचं काम नव्हे. मनात सल एकच होता. जन्म भुंगेऱ्यांत गेला, पण एकाही नव्या जातीला नाव द्यायचा योग आला नाही.

माझं माहेर चांदवडच्या अलीकडे, द्राक्षाचा मळा. तिथे मात्र यांचा शब्द म्हणजे देवाचा कौल. जावयाचा मान सगळीकडेच असतो, पण आमच्याकडे तो जरा हाताबाहेर गेलाय. यांनी भाताला खिचडी म्हटलं तर माझी वहिनी त्यात डाळ शोधत बसेल. माझा थोरला भाऊ सहादू बाजार समितीत भल्याभल्यांना ऐकत नाही, पण दाजी बोलायला लागले की टोपी सारखी करतो.

त्याची मुलगी तेजस्विनी कृषी पदवी घेऊन घरी आली आणि बाग मीच बघणार म्हणाली. दादाला ते पचेना. बँकेच्या परीक्षा द्याव्यात, नाशिकला क्लास लावावा, असं त्याचं मत. शेवटी त्यानं विहिरीकडचा एक प्लॉट तिला दिला. हंगामभर तुझ्या पद्धतीनं कर, जमलं तर पुढं सगळी बाग तुझी, नाही जमलं तर मुकाट्यानं क्लास, असं ठरलं.

जानेवारीत त्या प्लॉटवर मिलीबग आला. द्राक्षवाल्यांना हा पांढरा, पिठाळ किडा सांगावा लागत नाही. घडात शिरला की चिकट घाण करून ठेवतो आणि तो घड परदेशी जात नाही. दादा औषध फवारायला निघाला तर तेजू आडवी आली. काढणी तोंडावर आलेली, आता फवारलं तर औषधाचा अंश मण्यात राहणार. तिनं एका प्रयोगशाळेतून लहान काळे भुंगेरे आणून वेलींवर सोडले. हे मिलीबग खातात, म्हणाली. दादानं काही दिवस वाट पाहिली. भुंगेरे दिसेनासे झाले आणि खोडांवर भलतंच काही दिसायला लागलं. पांढरंच, लोकरीचंच, पण मिलीबगपेक्षा मोठं आणि तुरुतुरु चालणारं.

दादानं दाजींना बोलावलं. भुंगेऱ्यांचा प्रश्न आणि घरात भुंगेऱ्यांचा प्राध्यापक, दुसऱ्या कुणाला कशाला विचारायचं?

नेमकी तेजू त्या दिवशी मैत्रिणीच्या लग्नाला मनमाडला गेलेली. हे वेलीपाशी वाकले, भिंग काढलं, बराच वेळ बघितलं. आजूबाजूला दादा, वहिनी, कामाच्या बाया, सगळे श्वास रोखून. मग हे उभे राहिले आणि म्हणाले की भुंगेरे एकजात मेलेले दिसतात, आणि हा मिलीबगच आहे, पण साधा नव्हे. इतका मोठा मिलीबग यांनी कुठे पाहिला नव्हता. यांच्या आवाजात कंप होता. मला वाटलं बागेची काळजी. कसली काळजी, यांना नवी जात सापडली होती.

संध्याकाळपर्यंत बायांनी फडक्यांनी खोडं पुसून काढली, पांढरं म्हणून काही ठेवलं नाही, आणि वरून दादानं औषध मारलं. यांनी त्याआधी आपल्यापुरते थोडे किडे बरणीत भरून घेतले होते.

तेजू परतली तेव्हा औषधाचा वास फाटकापर्यंत येत होता. ती खोडांवरून हात फिरवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली आणि येऊन ओट्यावर बसली. त्या तिनं सोडलेल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या होत्या, एवढंच म्हणाली. हेच पिल्लू सगळ्यात जास्त मिलीबग खातं, म्हणाली. दादा म्हणाला, "दाजींपेक्षा तुला जास्त कळतंय का?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं, कारण मला तरी कुठं कळत होतं? फवारा बसला म्हणजे पद्धत मोडली, आणि पद्धत मोडली म्हणजे प्लॉट गेला. आठवड्याच्या आत तेजू तिची बॅग घेऊन क्लाससाठी आमच्याकडे राहायला आली.

आमच्या जेवणाच्या टेबलावर तीच बरणी होती. मला वाटलं पोरगी ती उचलून खिडकीबाहेर फेकेल. तिनं ताट बाजूला सारलं, बरणी जवळ ओढली आणि यांना म्हणाली, "मामा, यांना खायला काय देता?"

यांना कौतुक वाटलं. वेलीची पानं घालतो, म्हणाले. तेजूनं दुसऱ्या दिवशी मंडईतून लाल भोपळा आणला, त्यावर कुठल्याशा बागेतून आणलेला साधा मिलीबग सोडला आणि तो भोपळा बरणीतल्या पाहुण्यांसकट एका मोठ्या खोक्यात ठेवून वर मलमल बांधली. मोठ्या जातीला लहान जातीची सोबत लागते, असं तिनं यांना सांगितलं. यांना ते फार पटलं. पोरीला आता कुठं शास्त्राची गोडी लागतेय, असं मला रात्री सांगून झोपले.

या दिवसांत हे फार खुशीत होते. नव्या जातीला स्वतःचं नाव द्यायची रीत नाही, म्हणून त्यांनी माझं द्यायचं ठरवलं. लग्न झाल्यापासून या माणसानं कधी गजरा आणला नाही, आणि आता पिठाळ ढेकणाला ललिता नाव ठेवणार. तरी खोटं कशाला बोलू, मला थोडं बरं वाटलं होतं.

मग एक दिवस ते किडे चालायचे थांबले आणि भोपळ्याला चिकटून बसले. सगळे मेले, असं हे म्हणाले, आणि दोन घास कमी जेवले. भोपळा टाकून द्यायला निघाले तर तेजूनं हात धरला. थोडं थांबा, एवढंच म्हणाली.

काही दिवसांनी सकाळी चहाच्या वेळी मलमलीला आतून काळे ठिपके लागले होते. हे उठले, एक ठिपका चिमटीत घेऊन भिंगाखाली धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. "कॉक्सिनेलिडी," म्हणाले. हे त्याचं कुळ; मग काळे पंख, नारिंगी डोकं, जातीसकट नाव घडाघडा सांगितलं आणि पेटी उघडून बोट ठेवलं. तिथं तस्साच टोचलेला होता, खाली यांच्याच अक्षरात चिठ्ठी. वर्गीकरणात काडीची चूक नाही. बोट मात्र तिथंच राहिलं.

मी फोन यांच्या हातात दिला. म्हटलं, दादाला खरं काय ते सांगा. छाटणी होऊन नवा हंगाम लागायच्या आत सांगा, पोरीचा प्लॉट तिला मिळू दे. यांनी घसा साफ केला आणि नंबर लावला.

"सहादूभाऊ, तेजस्विनीला मी इथं तयार केलीय. ते किडे फार फसवे होते, सखोल निरीक्षणाशिवाय कळणारे नव्हते. आता माझ्या मार्गदर्शनाखाली तिनं भुंगेरे वाढवलेत. प्लॉट तिला द्या, माझी जबाबदारी."

पलीकडून दादाचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. "दाजी, तुम्ही म्हणता म्हंजे झालंच. प्लॉट कशाला, सारी बाग बघू दे ना तिला. आमाला काय कळतंय त्यातलं."

जे पोरीनं सांगितलं तेव्हा खोटं होतं, तेच यांच्या तोंडून आल्यावर खरं झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी फोन हिसकावायला पुढं झाले, तर तेजूनं मला स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"राहू दे आत्या," ती म्हणाली. "मिलीबगला मुंग्या राखत असतात. काळा भुंगेरा दिसला की तुटून पडतात. म्हणून ती अळी मिलीबगसारखी लोकर पांघरते आणि त्यांच्यातच बसून जेवते. मला बाग पाहिजे. आपलं नाव कशाला पाहिजे?"

ती हसत नव्हती. मला रडू आलं, आणि यांचा राग तर अजून गेलेला नाही. ती मात्र भुंगेऱ्यांचं खोकं मांडीवर घेऊन एसटीनं गावी गेली. यांनी खोक्यावर स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहून दिलं होतं. तिनंच मागितलं होतं.

यंदा जानेवारीत मी माहेरी गेले. साऱ्या बागेत खोडाखोडावर ती पांढरी लोकर तुरुतुरु चाललेली आणि कुणी फडकं म्हणून हातात घेत नव्हतं. तेजूनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की हे दाजींचे किडे. बायांनी पुढं 'चे किडे' गाळून टाकलं. एक नवी आलेली बाई खोड पुसायला वाकली, तशी मागून सगुणाबाई ओरडली, "अगं हात नको लावू, दाजी बसल्यात!" बाईनं पदर सावरला आणि दोन पावलं मागं सरली.

घरी आल्यावर मी यांना सांगितलं की एका किड्याला तुमचं नाव लागलं. कोणत्या कुळातला, असं त्यांनी विचारलं.

म्हटलं, माझ्या माहेरच्या.