टेकडीवरचा शुक्रवार

"आय कुठाय?" कमलने विचारलं.

फोनच्या पडद्यावर धाकट्या भावाचा चेहरा इतका स्वच्छ होता, की शत्रुघ्नच्या दाढीतला प्रत्येक पांढरा केस दिसत होता. जव्हारच्या डोंगरातल्या त्यांच्या वारली पाड्यावर, शाळेच्या छपरावर, सकाळीच इंटरनेटची छत्री बसली होती. आईचं घर शाळेला लागूनच.

"टेकडीवर गेली," तो ओशाळून म्हणाला. "सांगितला तिला, आता घरातच बोलता येल. तर म्हणं, कमलचा फोन टेकडीवरच येतो, तू फोन घेऊन मागनं ये. मी छत्रीपाशी होतो बाय, तवर काठी घेऊन निघाली."

मागच्या पावसाळ्यात आई त्याच वाटेवर घसरली होती. तेव्हापासून गुडघा धड वाकत नव्हता. सव्वीस वर्षं कुवेतच्या इस्पितळात परक्यांचे गुडघे बांधणाऱ्या कमलला तो एकदाही हाताळता आला नव्हता.

"मग बसलास काय? जा, आण तिला!"

फोन खाटेवर तसाच राहिला. कुवेतच्या अब्बासिया वस्तीतल्या खोलीत बसून कमल पडद्यावर आईच्या घराचं छप्पर बघत राहिली. पूर्वी आई कॅसेट भरून पाठवायची. प्रश्न विचारायची आणि उत्तरासाठी थांबायची. त्या थांबण्यात कोंबड्या ऐकू यायच्या, आणि कमल या खोलीत एकटीच मोठ्याने उत्तरं द्यायची. मग दर शुक्रवारी, कमलच्या सुटीला, टेकडीवरचा फोन आला; रेंज तिथंच मिळायची. नुसता वारा आणि ओरडणं. बरी आहेस? बरी. ठेव.

चहा निवून गेला. अखेर पावलं वाजली. शत्रुघ्न आईला पाठुंगळी घेऊन आला होता.

"उतरव मेल्या! मी काय म्हातारी झाले?" आईने फोन हिसकावला, टेकडीवर धरायची तसा डोक्यावर उंच धरला आणि ओरडली, "कमल! बरी हायेस?"

पडद्यावर पुन्हा छप्पर.

"आये, हात खाली घे. ओरडू नको. इथंच आहे मी."

हात हळूहळू खाली आला. आई बघतच राहिली. "बाय गं, केस किती पिकले तुझे!"

"ते राहू दे. गुडघा दाखव."

आईने लुगडं सारलं. कमलने तिला जागोजागी दाबायला लावलं. सूज नव्हती.

"ठेवू?" आईने विचारलं.

"नको. असू दे."

काठी दाराआड गेली. आईने फोन हंड्याला टेकवला आणि नागली पाखडायला घेतली.

"जेवलीस का?" मान वर न करता तिने विचारलं आणि थांबली.

कोंबड्या ऐकू आल्या.

"जेवले," कमल म्हणाली.

"काय जेवलीस?"