ओव्हरड्राइव्हमधला हुंदका

महाराज डोळे मिटून जुनाट जीपमध्ये बसले, शिष्याने गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत नेऊन आणली आणि फाटकापाशी जमलेले शेजारी थक्क झाले. गाडीतून हूं की चूं नाही! सकाळी या घरची लेक चालवत होती, तेव्हा याच गाडीने रोजच्यासारखा गल्लीभर गळा काढला होता.

"तुझ्या वडिलांचा आत्मा गाडीच्या पोटात अडकलाय," महाराज तिला म्हणाले. "तू चालवलेलं त्यांना खपत नाही. आमच्यापुढे मात्र शांत! गाडी मठात आली की सुटतील. टाकी भरून पाठवा. आत्म्याला लांबचा पल्ला गाठायचाय."

आई गाडी द्यायला निघाली. लेक परिचारिका, डोंगरावरच्या बाळंतपणांना ती याच गाडीने जायची. 

"थांब गं आई. महाराज, माझ्याशेजारी बसून दाखवा."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? बसले. गाडीने वेग घेतला, तरी आवाज नाही. महाराज गालात हसले. तेवढ्यात लेकीने ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे वडिलांनी मागाहून बसवलेल्या जादा गिअरचा, छोटा दांडा मागे ओढला. गाडीने टाहो फोडला. दांडा पुढे केला, शांत. मागे केला, पुन्हा टाहो.

"आज रुसलेत," महाराज म्हणाले.

"दांड्यावर?"

परत आल्यावर लेक गाडीखाली शिरली. ओव्हरड्राइव्हच्या डब्याचं बूच काढून तिने आईला बोट घालायला लावलं. कोरडं. शेजारच्या, मूळ गिअरच्या डब्याचं बूच काढलं, तर तेल भळाभळा वाहिलं.

"दोन डब्यांमधलं, तेल अडवणारं सील झिजलंय. इकडचं तेल तिकडे जातं आणि इथले दाते कोरडेच घासतात. दांडा पुढे असला की त्यांच्यावर जोर येत नाही, म्हणून आवाज नाही."

सगळ्यांनी शिष्याकडे पाहिलं. तो पुटपुटला, "महाराजांनीच सांगितलं होतं, दांडा ओढू नकोस."

"म्हणजे ते नव्हतेच?" आईने विचारलं.

"नव्हते, आई. असते तर मलाही बरं वाटलं असतं."

 आई महाराजांकडे वळली. "त्यांनीच हिला गाडी शिकवली हो. आणि त्यांना हिचा राग आहे, असं तुम्ही मला सांगत राहिलात. मी रोज रडले."

महाराज चपला शोधू लागले.

"तुम्हीही ऐका," आई शेजाऱ्यांना म्हणाली. "मी मेल्यावर घरात काही वाजलं, तर आधी झाकण उघडून बघा. माझ्या नावावर खपवू नका."

मग तिने लेकीला विचारलं, "हे सील कुठे मिळतं गं?"